इथला राखणदार

दामोदर परबांनी नारळाचा काथ्या ओढून काढला, शेंडी तेवढी ठेवली आणि नारळ कानाशी धरून हलवला. आत पाणी होतं. मग त्यांनी तो अनीशच्या हातात दिला.

"धर. पाडायचा नाही."

अनीशने दोन्ही हातांनी नारळ पोटाशी धरला. वय छत्तीस, वडिलांपेक्षा वीतभर उंच, पण नारळ धरताना तो लहान मुलासारखा श्वास रोखून उभा राहिला.

"व्हय म्हाराजा?" त्याने विचारलं.

"आत्ता नाही. संजूदादा येऊ दे."

बडोद्याच्या गोरवा भागातल्या त्यांच्या टेनामेंटच्या, बैठ्या घराच्या मागे, कंपाउंडच्या कोपऱ्यात, कडुलिंबाखाली एक काळा दगड होता. घराचा पाया खणताना तो निघाला होता. मजूर तो फेकून देणार होते, तेव्हा दामोदरांनी अडवलं होतं. कुडाळकडच्या त्यांच्या गावी प्रत्येक जागेला राखणदार असतो. तो दिसत नाही, पण जागेवर आणि जागेतल्या माणसांवर त्याची नजर असते. नवं काही करायचं तर आधी त्याच्यापुढे नारळ ठेवायचा आणि घरातल्या वडीलधाऱ्याने मोठ्या आवाजात गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे काय करायचं आहे आणि कोण करणार आहे ते सगळं त्याच्या कानावर घालायचं. जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला साद द्यायची: व्हय म्हाराजा. रिफायनरीतल्या नोकरीसाठी बडोद्याला आल्यावर इथला राखणदार कोण हे दामोदरांना ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी दगड कोपऱ्यात बसवला आणि "जो कोण असशील तो" म्हणून पहिला नारळ ठेवला. शालिनी, त्यांची बायको, तोंडाला पदर लावून हसली होती.

"अहो, इथला राखणदार गुजराती असणार. त्याला तुमचं मालवणी कुठलं कळायला?"

शालिनीला जाऊन आता तीन वर्षं झाली होती.

दामोदरांनी दगडावर तांब्यातलं पाणी ओतलं आणि हाताने पुसून काढलं. वाकताना छातीत डावीकडे ओढल्यासारखं झालं. ते कडुलिंबाला हात टेकून थांबले, आणि थांबल्या थांबल्या मान वळवून अनीशकडे पाहिलं. तो जागेवरच होता. पुढच्या आठवड्यात त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती. डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. या वयात काहीही होऊ शकतं, असं ते म्हणाले होते.

म्हणून उद्याची तारीख महत्त्वाची होती. उद्या कलेक्टर कचेरीत समिती बसणार होती. दामोदरांच्या माघारी अनीशचा गार्डियन कोण, हे तिथे ठरणार होतं. कोणीच नसेल तर भरूचच्या पलीकडे एक संस्था होती. दामोदर ती पाहून आले होते. स्वच्छ होती, माणसंही चांगली. एका दालनात चाळीस खाटा आणि रात्रपाळीला एकच बाई. अनीशला झोपेत फिट येते. ती आली की आवाज होत नाही.

खिशातला फोन वाजला. संजीव होता, त्यांच्या थोरल्या भावाचा, गोविंदरावांचा मुलगा.

"काका, आम्हाला जरा उशीर होतोय. तुम्ही ते नारळाचं उरकून घ्या ना. मी उद्या सरळ कचेरीत येतो सहीला."

"तू आल्याशिवाय गाऱ्हाणं होणार नाही."

"अहो, पण मी नसलो म्हणून काय बिघडतं? सही तर मीच करणार आहे."

"नाव तुझं घ्यायचंय, संजू. तू समोर हवास."

पलीकडे किल्ल्यांचा आवाज आला. मग संजीव म्हणाला, "बरं. निघतो."

दामोदरांनी फोन खिशात टाकला. संजीवने याआधी कधी नाही म्हटलं नव्हतं. शालिनी गेली तेव्हा सगळी धावपळ त्यानेच केली होती. आजच तो टाळत होता.

* * *

अवंती स्कूटर लावून आत आली तेव्हा दामोदर ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. खुर्ची नेहमीप्रमाणे तिरकी, खोलीच्या दाराकडे तोंड करून. आत पलंगावर नारळ घेऊन बसलेला अनीश नजरेत राहील अशी. अवंती अनीशसारख्यांसाठी कागदपत्रं करून देणाऱ्या बडोद्यातल्या एका संस्थेत काम करायची आणि गेले चार महिने हे प्रकरण तिच्याकडे होतं. तिचं मराठी घरचं, पण बाहेर बोलून बोलून गुजरातीच्या वळणाचं झालेलं.

"केम छो काका? संजीवभाई नाही आले?"

"येतोय. बस, बेटा."

ती पायरीवर बसली. अनीशने आतून तिला नारळ दाखवला. तिने हात हलवला.

"उद्या साहेब जास्त करून संजीवभाईंनाच विचारतील," ती म्हणाली. "अनीशच्या गोळ्या कोणत्या, फिट आल्यावर काय करायचं, तो कशाला घाबरतो. तेवढं त्यांना नीट सांगून ठेवा."

"सांगतो." दामोदर थोडे पुढे वाकले. "मला एक सांग. हा गार्डियन शब्द नेमका काय आहे? शेजारचे पटेल म्हणतात, गार्डियन एटले मालिक. घराचाही आणि पोराचाही. मला पोराचा मालक नको आहे."

अवंती हसली नाही. "कॉलेजात आमचे सर एकेक शब्द सोलून दाखवायचे, तेव्हा हा आला होता. गार्डियन म्हणजे सांभाळणारा, आणि ज्याला सांभाळायचं तो वॉर्ड. उद्याच्या कागदावर अनीशला वॉर्ड म्हणतील."

"इस्पितळातला असतो तो? आणि आपला इलेक्शनचा वॉर्ड?"

"तेच ते. ज्याच्यावर नजर ठेवायची ती जागा, ते माणूस. आणि गार्डियन, वॉर्ड, हे दोन्ही शब्द निघाले एकाच मुळातून. जुन्या जर्मन लोकांचा शब्द होता. एक तसाच इंग्रजीत राहिला, दुसरा फ्रेंच लोकांच्या तोंडून फिरून आला, म्हणून त्याच्यातल्या व चा ग झाला. मुळात अर्थ एवढाच: पाहणं. सावध राहून पाहणं."

"म्हणजे राखणारा आणि राखलेला एकाच घरचे."

"हो, तसंच."

"आणि मालकी?"

"मुळात नाही, काका. कागदावर येता येता चिकटली असेल."

दामोदर पुन्हा खुर्चीला टेकले. रिफायनरीत त्यांनी आयुष्याची बरीच वर्षं फायर वॉचचं काम केलं होतं. वेल्डर वर टाकीवर काम करतो आणि खाली एक माणूस आग विझवायचं नळकांडं हाताशी घेऊन नुसता उभा राहतो. त्याने दुसरं काही करायचं नसतं. वर्तमानपत्र नाही, गप्पा नाहीत, फक्त ठिणग्या कुठे पडतात ते पाहायचं. वेल्डिंग संपलं, वेल्डर चहाला गेला, तरी त्याने अर्धा तास जागा सोडायची नाही, कारण आग कधी कधी मागाहून धरते. नवीन पोरं हसायची. उभं राहायचा पगार खातो परब, म्हणायची.

"पाहणं," ते म्हणाले. "मग अवघड आहे."

* * *

संजीवने गाडी फाटकाबाहेरच लावली. मागून त्याची बायको प्रतिमा उतरली, हातात भाजीची पिशवी आणि डबा. तिचं माहेर पादऱ्याकडचं, गुजराती पटेलांचं. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती तरी भराभर बोलायला लागली की तिच्या मराठीत गुजराती घुसायचं.

"काका, ढोकळा आणलाय. अनीशभाईचा तिखट नसलेला वेगळा. आणि वरणभात इथेच टाकते, चालशे ने?"

"चालेल, चालेल. आत जा."

संजीवने वाकून पाया पडल्यासारखं केलं. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा, पण डोळे जागरणाचे.

"आधी जेवून घेऊ या का, काका? भूक लागलीय."

"आधी नारळ."

"ह्या अवंतीबेनना उगाच थांबावं लागतंय."

"मला काही घाई नाही," अवंती म्हणाली. "मी हे कधी पाहिलंच नाहीये."

संजीवने मोबाइल काढून पाहिला, परत ठेवला. "पाहण्यासारखं काय आहे त्यात. म्हातारी माणसं ओरडतात आणि आम्ही हो म्हणतो."

"मग हो म्हणायला कसली हरकत?" दामोदरांनी विचारलं.

संजीव हसला आणि वाकून बूट काढू लागला.

स्वयंपाकघरात प्रतिमाने डाळ धुतली आणि फळीवरचा कुकर उचलला. झाकणावर शिट्टी लावता लावता ती थांबली. दारातून तिने पलंगावरच्या अनीशकडे पाहिलं. मग कुकर होता तिथे परत ठेवला, एक पातेलं घेतलं आणि डाळ त्यात ओतली. आच बारीक करून, हात पुसत ती बाहेर आली.

सगळे मागच्या कोपऱ्यात गेले. दामोदरांनी अनीशकडून नारळ घेतला, शेंडी दगडाकडे करून समोर ठेवला, हळदकुंकू वाहिलं. अनीश त्यांच्या उजव्या हाताला उभा राहिला, डावीकडे संजीव. अवंती जरा मागे. प्रतिमा आणखी मागे, स्वयंपाकघराच्या पायरीवर, जिथून पातेलंही दिसत होतं. घरातल्या बायका गाऱ्हाण्याला उभ्या राहायच्या त्या तशाच, मागे. साद पुरुषांनी द्यायची. शालिनीही तिथेच उभी राहायची.

दामोदरांनी डोक्यावर टोपी घातली आणि हात जोडले. त्यांचा आवाज एकदम वेगळा झाला, जुना आणि भरड.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अनीश ओरडला. तो याचीच वाट पाहत होता.

"ह्या जाग्याच्या राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझी लेकरा आज तुझ्या म्होरे उभी आसत. तुका शेंडयेचो नारळ ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" संजीवचाही आवाज त्यात होता. सवयीने आला होता. लहानपणी मे महिन्यात गावी तो आजोबांच्या शेजारी उभा राहायचा, तेव्हाचा.

"काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आता माझा वय झाला. शरीराचो भरवसो नाय. ह्या माझ्या झिलाक, अनीशाक, आजपातूर मी राखलंय. रातचो जागून राखलंय. तुका ठावक आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या खेपेला आवाज एकट्या अनीशचा होता. दामोदरांनी वळून पाहिलं नाही.

"माझ्या माघारी ह्येची राखण ह्यो माझो पुतणो संजीव गोविंद परब करतलो. तेका बळ दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अनीश म्हणाला आणि खुशीने सगळ्यांकडे पाहिलं.

ज्याचं नाव घेतलं त्याने स्वतः साद द्यायची असते. दामोदर थांबले. कडुलिंबावर खार सरकली. रस्त्यावरून रिक्षा गेली. संजीवचे हात जोडलेले होते आणि खिशातला मोबाइल थरथरत होता. त्याने तो काढला नाही.

"माझ्या माघारी," दामोदर पुन्हा म्हणाले, अधिक सावकाश, "ह्येची राखण ह्यो माझो पुतणो संजीव करतलो म्हाराजा."

अनीशने तोंड उघडलं. मग संजीवकडे पाहून मिटलं.

"दादा," तो म्हणाला. "बोल ना."

संजीवने हात खाली घेतले.

"काका, मी उद्या सही करतो म्हणालोय ना. करीन. पण हे... हे इथे नका बोलायला लावू."

"का?"

"मस्कतला नोकरी लागलीय. एप्रिलपासून." तो दगडाकडे न पाहता बोलत होता. "सही झाली की नंतर अर्ज करून गार्डियन बदलता येतो, असं वकील म्हणाला. तुमचं ऑपरेशन नीट पार पडेल, मग तुम्हाला सांगणार होतो. तुम्हाला शांतपणे दवाखान्यात जाता यावं म्हणून..."

"सही करणार होतास."

"हो."

"आणि इथे बोलवत नाही."

संजीवने पहिल्यांदाच दगडाकडे पाहिलं. "आजोबांनी शिकवलंय ते. नाही निघत तोंडातून."

अवंतीने पर्सचा पट्टा खांद्यावरून उतरवला, परत चढवला. "संजीवभाई, उद्याची तारीख गेली तर पुढची कधी मिळेल सांगता येत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "आणि काका पुढच्या आठवड्यात..."

"मला माहीत आहे हो!" संजीव जवळजवळ ओरडला.

त्या आवाजाने अनीशचे हात कानांवर गेले. तो मागे सरकला, त्याची टाच तुळशीच्या कुंडीला लागली. दामोदर वळले, पण छातीतल्या कळेने त्यांना जागीच धरलं. ते पोहोचायच्या आत प्रतिमा पायरी उतरून आली होती. तिने अनीशला हात लावला नाही. त्याच्या समोर, त्याला दिसेल अशी उभी राहिली आणि आपलेही हात कानांवर ठेवले. थोड्या वेळाने तिने एक हात काढला. अनीशने एक काढला. मग दुसरा.

दगडापुढे नारळ तसाच होता. ठेवलेला नारळ न फोडता घरात परतायचं नसतं. गाऱ्हाणं अर्धं सोडायचं नसतं. दामोदर त्या नारळाकडे पाहत उभे होते. भाऊबंदांतलं एकेक नाव त्यांच्या मनात येऊन जात होतं. गोविंदराव गेले. पुण्याचा देवेश वर्षानुवर्षं फोन करत नाही. गावचे जयवंतराव त्यांच्याहून म्हातारे. राखण रक्तातल्या पुरुषाकडेच जाते, असं त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. दुसरं काही त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"काका," प्रतिमा म्हणाली. "फरीथी बोला ने, परत एकदा. नाव बदलून."

दामोदरांना कळलं नाही. "कोणाचं नाव?"

"माझं."

"प्रतिमा," संजीव म्हणाला.

"तमे जाओ मस्कत. मी कुठे नाही म्हणते? आपल्या पोरीचं, क्रिषाचं कॉलेज इथे आहे, मी काय तिला सोडून येणार होते? आपलं ठरलंच होतं." ती नवऱ्याकडे पाहत नव्हती. ओढणी डोक्यावर घेऊन तिचं टोक कानामागे खोचत होती. "हे काकांना उद्यानंतर सांगायचं, एवढं मात्र तुम्ही एकट्याने ठरवलंत."

"अगं, ही एक-दोन वर्षांची गोष्ट नाहीये. रात्री उठावं लागतं."

"मने खबर छे. ठाऊक आहे मला."

दामोदरांनी टोपी सारखी केली. "मुली, बायका साद देत नाहीत गाऱ्हाण्याला. तुझ्या काकीनेही कधी दिली नाही."

"काकींना कधी कोणी विचारलं होतं?" तिने विचारलं. आवाजात भांडण नव्हतं. "मलाही चार महिन्यांत कोणी विचारलं नाही. ना तुम्ही, ना यांनी, ना ह्या बेनने."

अवंतीने मान खाली घातली.

मग दामोदरांनी हात जोडले. या वेळी आवाज मघासारखा लागला नाही. फाटका आला.

"ह्या जाग्याच्या राखणदारा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" अनीश म्हणाला.

"माझ्या माघारी माझ्या झिलाची राखण ही माझी सून प्रतिमा करतली. तिका बळ दी म्हाराजा."

प्रतिमाने दगडाकडे पाहिलं. ती ओळखीच्या माणसाशी बोलावं तशी, हळू बोलली.

"हा, महाराज."

मालवणी साद तिला येत नव्हती असं नाही. वीस वर्षं मागच्या पायरीवरून ती ऐकत आली होती. दामोदरांना शालिनीचं पदराआडचं हसणं आठवलं, गुजराती राखणदाराचं, आणि त्यांनी पटकन खाली वाकून नारळ उचलला. दगडावर आपटला. पहिल्या फटक्यात फुटला नाही. दुसऱ्यांदा संजीवने पुढे होऊन त्यांच्या हाताखाली आपला हात धरला, आणि नारळ फुटला.

* * *

अवंती निघताना फाटकापाशी थांबली. उद्या लवकर या, नाव बदलल्याचं मला आधी साहेबांना समजवावं लागेल, हो म्हणतील असं छातीवर हात ठेवून सांगत नाही, असं ती म्हणाली. दामोदरांनी मान हलवली. संजीव गाडीत जाऊन बसला होता. फोनवर बोलत नव्हता, गाडी चालूही करत नव्हता. प्रतिमाने त्याला जेवायला हाक मारली, तेव्हा येतो म्हणाला.

आत पातेल्यातली डाळ शिजत आली होती. अनीश पलंगावर बसून खोबरं खात होता. प्रतिमा त्याच्यासमोर पाण्याचा पेला ठेवून मागे वळली.

"काका, हा झोपतो कुठल्या कुशीवर?"

"डाव्या. उताणा होतो मधेच, मग वळवावं लागतं."

"उशी?"

"पातळ. आणि पलंगाच्या ह्या बाजूला खुर्ची लावून ठेवतो मी. पडू नये म्हणून."

"उद्या कचेरीतून आलं की मी इथेच राहते. तुम्ही दवाखान्यात जायच्या आधी चार रात्री मला दाखवा. मग मी एकटी."

"दाखवतो."

ती स्वयंपाकघरात गेली. तिथून पलंग दिसत होता. भाताचं झाकण काढताना तिने एकदा पाहिलं, मीठ घालताना परत एकदा.

दामोदर ओट्यावर आले. खुर्ची दाराकडे तोंड करून तिरकी होती, कायम असायची तशी. ते तिच्यामागे बराच वेळ उभे राहिले. वेल्डर चहाला गेल्यावर थांबायचे, तेवढा तरी वेळ असेल. आतून ताटल्यांचा आवाज येत होता. अनीश काहीतरी सांगत होता आणि प्रतिमा हं, हं करत होती.

मग त्यांनी खुर्चीच्या पाठीला हात घातला, ती उचलून रस्त्याकडे फिरवली आणि दाराकडे पाठ करून बसले.